वहिनी, चान्स किती टक्के ते मला खरंच सांगता येत नाही

दिवाळीच्या फराळाला परवा एका मित्राकडे गेलो होतो. न्यू जर्सीतली दिवाळी वीकेंड बघूनच येते, ते एक असो. बशी हातात आली, चकलीचा पहिला तुकडा मोडला आणि तेवढ्यात वहिनी शेजारी येऊन बसल्या, फोन पुढे केला आणि म्हणाल्या, "भाऊजी, एक मिनिट जरा बघा ना."

फोनवर लेकाची यादी. एसएटी, म्हणजे इथली कॉलेजप्रवेशाची परीक्षा, १६०० पैकी १५४०. वेटेड जीपीए, म्हणजे अवघड विषयांना जास्त वजन देऊन काढलेली शाळेतल्या मार्कांची सरासरी, ४.४. एपी, म्हणजे शाळेतच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे विषय, नऊ, त्यातल्या सहा परीक्षा झाल्यात, ५ पैकी चारात ५ आणि दोनात ४. रोबोटिक्स टीम, डिबेट, तबला मध्यमा पूर्ण, मराठी शाळेत छोट्या वर्गाला दोन वर्षं मदत, उन्हाळ्यात कुठेतरी पैसे भरून केलेला रिसर्च प्रोग्राम. आणि सगळ्यात खाली एकच ओळ : कॉर्नेल इंजिनीअरिंग, अर्ली डिसिजन, किती टक्के?

मलाच का विचारलं, तर दोन कारणं. एक म्हणजे माझी थोरली २०२४ साली बऱ्या कॉलेजात लागली. आपल्या लोकांत एक पोरगं लागलं की बाप आपोआप एक्स्पर्ट होतो, पोरीला कोणी काही विचारत नाही. दुसरं कारण, मी विमा कंपनीत काम करतो, म्हणजे दिवसभर ह्याचा अपघात व्हायची शक्यता किती, त्याच्या घराचं छत वादळात उडायची शक्यता किती, असल्याच आकड्यांत बसलेला असतो. त्यामुळे लोकांना वाटतं हा नक्की सांगेल. मी म्हटलं बघतो आणि अनारसा उचलला. एक नोव्हेंबरची डेडलाइन होती, म्हणजे आठवडाही नव्हता हातात, आणि ज्याच्याबद्दल हे सगळं चाललं होतं तो मधेच बेसमेंटमधून वर आला, चिवड्याची वाटी भरली, आईच्या हातातला फोन माझ्यासमोर धरलेला बघितला आणि एक शब्द न बोलता परत खाली गेला. त्याचा तो चेहरा डोक्यात राहिला म्हणून हे लिहायला बसलोय.

आधी आमच्या वेळचं सांगतो, कारण ह्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे. मी मिरजेचा. नव्वदच्या दशकात बारावी, तेव्हा अजून सीईटी नव्हती. फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्सची बेरीज करायची आणि मागच्या वर्षी वालचंदला मेकॅनिकल कितीवर बंद झालं होतं ते विचारायचं, बास. विश्रामबागेपर्यंत सायकल मारत जायचं, बोर्डवर टाइप केलेली यादी, त्यावर बोट ठेवून खाली खाली यायचं. बोट कुठेतरी थांबलं तर थांबलं, नाहीतर यादी संपली. होम युनिव्हर्सिटी, कॅटेगरी असे कोटे होते, पण प्रत्येक कोट्याची रांगही त्याच कागदावर छापलेली. तुमच्या पुढे किती जण आहेत हे कुणीही मोजून दाखवू शकत होतं. आजही जेईई ॲडव्हान्स्डचा रँक हातात आला की मुंबईला कॉम्प्युटर मिळतंय की नाही हे शेजारचा पानवालासुद्धा मागच्या वर्षीचा क्लोजिंग रँक बघून सांगेल. आपली सगळी पिढी ह्या रांगेत वाढलेली आहे आणि आपण इथे येऊनसुद्धा मनात तीच रांग घेऊन बसलोय. पोराला १५४० आहेत, म्हणजे रांगेत कितवा?

इथे ती रांगच नाहीये हो. हे पटायला मला स्वतःला दोन वर्षं आणि एक एक्सेल फाइल लागली.

आता टक्केवारीचं घ्या. हार्वर्डला २०२४ साली आत शिरणाऱ्या बॅचला ५४,००८ अर्ज आले, घेतले १,९३७, म्हणजे ३.५९ टक्के. पुढच्या वर्षी ४७,८९३ अर्ज आणि घेतले २,००३, म्हणजे ४.१८ टक्के. आमच्या ग्रुपवर लगेच मेसेज, हार्वर्ड सोपं झालं! अरे सोपं कुठलं. मधल्या काळात त्यांनी एसएटी-एसीटी परत कम्पल्सरी केली, कोविडपासून ती ऑप्शनल होती, त्यामुळे "टाकून तर बघू" म्हणणारे हजारो जण गळाले. सीटा तेवढ्याच. तुमचं पोरगं जर १५४० वालं असेल तर जे गळाले ते त्याच्या स्पर्धेत नव्हतेच कधी. आमच्या कामात ह्याला साधं म्हणतात, भाजक बदलला. एमआयटीने २०२२ मध्येच परीक्षा परत आणली, मग डार्टमथ, येल, ब्राउन, कॅलटेक असे एकामागोमाग आले, कॉर्नेलनेही आता आणलीय. उलट कॅलिफोर्नियाची सरकारी युनिव्हर्सिटी एसएटी बघतच नाही, दाखवली तरी बघत नाही, आणि एकट्या यूसीएलएला दीड लाखाच्या आसपास अर्ज जातात. म्हणजे वहिनींच्या यादीतली पहिली ओळ एका ठिकाणी लागते, दुसऱ्या ठिकाणी तिची किंमत शून्य. आता "चान्स किती" ह्याचं एक उत्तर कसं द्यायचं?

बरं, अर्ली डिसिजन. ह्याच्यावर तर आपल्याकडे जवळजवळ श्रद्धाच आहे. तुम्ही एकाच कॉलेजला आधी सांगायचं की घेतलंत तर मी येणारच, सही वगैरे करून, आणि बदल्यात चान्स वाढतो म्हणे. ब्राउनचे आकडे बघा, २०२४ च्याच बॅचचे. अर्लीमध्ये ६,२४४ अर्ज, घेतले ८९८, म्हणजे १४ टक्के. एकूण सगळे धरून मात्र ५ टक्क्यांच्या आसपास, आणि नुसते रेग्युलरवाले धरले तर ४ पण नाही. बघणाऱ्याला वाटतं, अर्ली टाकलं की तिप्पट! पण ह्या ८९८ मध्ये कोण आहे ते बघायला नको? कोचने आधीच निवडलेले खेळाडू त्यातच असतात, ज्यांचे आई-बाप तिथलेच ते बहुतेक त्यातच, आणि शिवाय ज्याला खात्री आहे की फी परवडतेय तोच सही करतो. एका मोठ्या हॉटेलच्या बाहेर उभं राहून मोजलं की मागच्या दारातून जाणाऱ्यांपैकी नव्वद टक्के लोकांना आत घेतात, तर म्हणून आपण मागच्या दाराने जायचं का? ते सगळे तिथले स्वयंपाकी आहेत. थोडा फायदा अर्लीचा होतो, मी नाही म्हणत नाही, कारण कॉलेजला आपल्या सीटा भरल्याची खात्री हवी असते. पण तिप्पट नाही. आणि नेमका किती, हे बाहेरून काढता येत नाही, कारण खेळाडू किती, लेगसी म्हणजे माजी विद्यार्थ्यांची मुलं किती, हे अर्लीच्या आकड्यात वेगळं करून देत नाहीत.

हार्वर्डचं मात्र बाहेर आलं, कोर्टात केस झाली म्हणून. २०१४ साली दाखल झालेली ती केस, २९ जून २०२३ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला आणि ॲडमिशनमध्ये वंश बघणं बंद केलं. आपल्या लोकांनी तेवढंच वाचलं आणि पेढे वाटले. मला त्या केसमधली कागदपत्रं जास्त इंटरेस्टिंग वाटली. तिथे प्रत्येक मुलाला १ ते ६ असे नंबर देतात, अभ्यासाला वेगळा, ॲक्टिव्हिटीला वेगळा, खेळाला वेगळा आणि एक पर्सनल म्हणून, म्हणजे स्वभाव, धीर, माणूस कसा आहे वगैरे. १ सगळ्यात चांगला. आशियाई मुलं अभ्यासात वर आणि त्या पर्सनलमध्ये खाली, हे तिथेच दिसलं. आणि दुसरं, घेतलेल्या गोऱ्या मुलांपैकी ४३ टक्क्यांहून जास्त हे एकतर खेळाडू, नाहीतर माजी विद्यार्थ्यांची मुलं, नाहीतर तिथल्या प्रोफेसर-स्टाफची मुलं, नाहीतर डीनच्या खास यादीतली, म्हणजे ज्यात देणगीदारांशी संबंध असलेले येतात. बाकी सगळ्या गटांत हे प्रमाण १६ टक्क्यांच्याही आत. राज चेट्टी ह्या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये एक अभ्यास काढला, सगळ्या आयव्ही, म्हणजे हार्वर्ड, येल, ब्राउन, कॉर्नेल धरून ती आठ जुनी नामवंत कॉलेजं, आणि स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक, शिकागो धरून. वरच्या १ टक्का श्रीमंत घरातलं पोरगं आणि मध्यमवर्गीय घरातलं पोरगं, दोघांचा एसएटी अगदी सारखा, तरी श्रीमंत घरातलं तिथे पोचायची शक्यता दुपटीहून जास्त. आपण दोघं नवरा-बायको आयटीत, घराचं मॉर्गेज, दोन वर्षांतून एकदा पुणे-मुंबईची तिकिटं, तर आपण नेमके त्या मधल्या पट्ट्यात बसतो. मदत मिळण्याइतके गरीब नाही आणि इमारतीला नाव देण्याइतके श्रीमंत नाही.

म्हणजे तुम्ही जो ३.५९ आकडा बघता तो कुणाचाच नाहीये. हे विम्यातल्यासारखंच आहे. चाळिशीतल्या हजार ड्रायव्हरांत यंदा किती जण ठोकणार हे आम्ही बऱ्यापैकी बरोबर सांगतो, पण तुम्ही ठोकणार का हे देवालाच माहीत. फरक एवढाच की अपघात माणूस निवडून होत नाही. ॲडमिशन निवडून होते. कुणीतरी एक बाई किंवा बुवा तुमच्या पोराची फाइल उघडून बसलेले असतात आणि त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही, आणि त्या न दिसण्यालाच आपण टक्के म्हणतो.

आणि ते बाई-बुवा पोराला सगळ्या अमेरिकेत कितवा असं बघत नाहीत. मोठ्या कॉलेजांत एकेका भागासाठी माणूस ठरलेला असतो, तो आपल्या भागातल्या शाळा ओळखून असतो, आणि शाळेचा काउन्सेलर सोबत शाळेचं प्रोफाइल पाठवतो, किती एपी उपलब्ध आहेत, किती मुलं घेतात, मार्क कसे पसरलेत. म्हणजे तुमच्या पोराची पहिली तुलना त्याच्याच बेंचवरच्या मुलांशी. आता मध्य न्यू जर्सीत, एडिसन, प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर ह्या पट्ट्यात, आपलं पोरगं कुणाच्या बेंचवर बसतं ते सांगायला नको. तिथे १५४० म्हणजे गुढीपाडव्याला श्रीखंड, नसेल तर लोक विचारतील. २०१५ साली वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोच्या सुपरिंटेंडंटने, डेव्हिड ॲडरहोल्डने, मुलांवर ताण फार झालाय म्हणून हायस्कूलच्या मिडटर्म आणि फायनल परीक्षा बंद केल्या, गृहपाठ नसलेल्या रात्री सुरू केल्या, तर पालकांत सरळ दोन तट पडले, आणि आपले बरेच लोक परीक्षा पाहिजेत ह्या बाजूला. पेपरात सगळं छापून आलं होतं. तेव्हा माझी थोरली प्रायमरीत होती आणि मीही मान डोलावली होती की बरोबर आहे, परीक्षा पाहिजेतच. आता सांगायला थोडी लाज वाटते.

शाळेच्या पोर्टलवर तो ठिपक्यांचा नकाशा असतो ना, आडवा एसएटी, उभा जीपीए, मागच्या वर्षांतली आपल्याच शाळेची मुलं, हिरवा ठिपका घेतला, लाल नाही घेतला. मी तो रात्री रात्री बघायचो. एका कॉलेजला वरच्या कोपऱ्यात लालच लाल आणि त्याच्या खूप खाली डावीकडे एक एकटा हिरवा. आम्ही दोघं अर्धा तास त्या हिरव्यावर चर्चा करत होतो की ह्याने काय केलं असेल, बायको म्हणाली एसे, म्हणजे अर्जाबरोबर लिहायचा निबंध, भारी असेल. नंतर पोरीने सांगितलं, तो पोरगा बोट वल्हवतो, राज्यात नंबर होता.

आता एक्सेल फाइल. सांगतोच.

थोरली सीनियर झाली, म्हणजे बारावीला गेली, त्या ऑगस्टमध्ये मी फाइल बनवली. चौदा कॉलेजं, प्रत्येकाचा दर, मग एसएटी वरच्या पंचवीस टक्क्यांत असेल तर दीडने गुणा, इंजिनीअरिंग असेल तर पॉइंट सातने, मुलगी असल्याने टेक्निकल कॉलेजांना थोडं वर, कारण एमआयटीचे आकडे काढले तर मुलींना घ्यायचा दर मुलांच्या दीडपट तरी आहेच. सगळे गुणक माझ्या मनाचे, पण डेसिमलचे दोन आकडे दिले की माणसाला वाटतं शास्त्र आहे. आणि शेवटी एक मोठी चूक केली जी आमच्या ऑफिसात नवीन पोरानेसुद्धा केली तर मी ओरडेन. दहा कॉलेजांत दहा-दहा टक्के, तर एकात तरी लागायचा चान्स किती, मी छान नऊ दशांशाचा दहावा घात काढला, तो एकातून वजा केला आणि ६५ टक्के लिहून मोकळा झालो. पण हे दहा वेगवेगळे नाणेफेकीचे खेळ नाहीत ना. तीच फाइल, तोच एसे, त्याच सरांचं तेच पत्र दहाही ठिकाणी. त्या पत्रात एखादं वाक्य कोमट असेल तर दहाही जण ते कोमट वाक्य वाचणार. फ्लोरिडात एका वादळात दहा घरं पडली तर ते दहा वेगळे अपघात म्हणून आम्ही कधी धरत नाही, आणि घरी येऊन मी पोरीच्या बाबतीत तेच धरलं. म्हणून आपल्याकडे बघाल तर एकतर पाच आयव्हीत लागलेलं पोरगं असतं नाहीतर बारा ठिकाणी नाही आलेलं, मधले कमी. आणि लोक बारा ठिकाणी नाही आल्यावर पुढच्या वर्षी धाकट्याला वीस ठिकाणी टाकायला लावतात, कॉमन ॲपची, म्हणजे एकच अर्ज अनेक कॉलेजांना पाठवायच्या साइटची, मर्यादाच वीस आहे म्हणून बरं.

तर फाइल गूगल शीटवर होती आणि बायकोबरोबर शेअर केलेली होती. पोरीला कुठून लिंक मिळाली माहीत नाही, आईच्या लॅपटॉपवर उघडी असेल. एके सकाळी मी ऑफिसात फाइल उघडली तर एका सेलला कॉमेंट. तिला मनापासून आवडलेलं कॉलेज होतं ते, मी समोर ६ टक्के लिहिलं होतं. कॉमेंट एवढीच : थँक्स बाबा.

मी काय करणार, सेल पुसला, मग वाटलं पुसलेला दिसेल, परत लिहिला. संध्याकाळी घरी आलो तर ती काही बोलली नाही, मीही नाही. दोन दिवसांनी मी शीट डिलीट केली. पण आकडा एकदा तिने बघितला तो बघितलाच.

तिच्या एसेवरून पण आमचं वाजलं होतं. माझे वडील एसटीत कंडक्टर, मिरज डेपो. थोरली दहावीनंतरच्या उन्हाळ्यात दीड महिना आजोबांकडे राहिली होती. मी मागे लागलो होतो की इथे राहा, कुठल्यातरी लॅबमध्ये रिसर्च कर, तर ती तिकडे बसून आजोबांच्या एसटीच्या गोष्टी ऐकत होती. आजोबांनी तिला पंचचा टकटक आवाज तोंडाने काढून दाखवला, तिकिटाच्या ट्रेमध्ये कुठल्या खणात कितीचं तिकीट ते अजून पाठ. तिने विचारलं, गर्दीत ज्याने तिकीट काढलं नाही तो कसा ओळखायचा? तर म्हणाले, "तिकीट न काढलेला माणूस खिडकीबाहेर बघतो." साडेसहाशे शब्दांचा एसे तिने ह्या एका वाक्यावर लिहिला. मी म्हटलं अगं त्या लोकांना एसटी काय कंडक्टर काय कळणार, तू रोबोटिक्सवर लिही. नाही म्हणाली. एक कन्सल्टंट होता आमच्या ओळखीतल्यांनी लावलेला, त्याच्या फुकट वेबिनारला मी बसलो होतो, तो म्हणे आजी-आजोबांवर कधी लिहू नका. त्याची फी आमच्या सेकंडहँड होंडाएवढी होती म्हणून तो विषय तिथेच संपला. तसंही त्याचे "आमच्या इतक्या मुलांना हवं ते मिळालं" हे आकडे म्हणजे आधीच निवडक मुलं घ्यायची आणि मग निकाल आपला म्हणायचा, आपल्याकडचे क्लासवाले वर्षानुवर्षं हेच करतात, पेपरात फोटो छापून.

निकाल लागले. चौदापैकी पाच ठिकाणी हो, सात ठिकाणी नाही, दोन वेटलिस्ट. माझ्या शीटमध्ये जिथे ६० टक्के होतं, एक मोठी सरकारी युनिव्हर्सिटी, तिथे नाही आलं. आणि ते ६ टक्केवालं आलं. ती आता तिथेच सेकंड इयरला आहे.

आता प्रत्येकजण विचारतो, नेमकं काय क्लिक झालं हो? एसे ना? एसटीवाला? मंडळाच्या गणपतीत तर एकाने मला माइकवर बोलायला सांगितलं होतं. मी सांगतो, तोच एसे त्या सात जणांनीही वाचला होता. त्याच आजोबांचं तेच वाक्य. मला माहीत नाही काय क्लिक झालं. तिलाही माहीत नाही. कदाचित त्या वर्षी त्यांना तिच्या विषयात मुली हव्या असतील, कदाचित आमच्या शाळेतून तिथे दुसऱ्या कुणी टाकलंच नसेल, कदाचित फाइल वाचणाऱ्या बाईंचे आजोबा बसवर होते. लोकांना हे उत्तर आवडत नाही, त्यांना वाटतं हा लपवतोय.

पैशाचं मात्र लपवायचं काही नाही आणि ते कोणी विचारत नाही. खासगी कॉलेज आता वर्षाला ९० हजार डॉलरच्या आसपास जातं, राहणं-खाणं धरून. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, आपले टॅक्सचे आकडे टाकले की साधारण किती भरायला लागेल ते येतं. अर्ली डिसिजनची सही करायच्या आधी ते करायला अर्धा तास लागतो आणि मी पैजेवर सांगतो, दहातले आठ लोक करत नाहीत, चान्स विचारत बसतात. आणि ज्यांची मुलं अजून एच-फोरवर, म्हणजे आई-बापाच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर आहेत त्यांचं तर गणितच वेगळं, फाफ्सा म्हणजे सरकारी मदतीचा फॉर्म भरता येत नाही, बऱ्याच ठिकाणी पोरगं इंटरनॅशनल धरतात आणि पैसे मागितले तर ते ॲडमिशनच्या निर्णयात मोजतात. पहिलीपासून एडिसनमध्ये शिकलेलं पोरगं, आणि फॉर्मवर परदेशी. आमच्या ओळखीत अशी दोन घरं आहेत, त्यांना कुणी चान्स विचारला की ते नुसते हसतात.

तर परत वहिनींकडे येतो. जेवणं झाल्यावर मी पोराला म्हटलं चल जरा फिरून येऊ. थंडी होती, हूडी घालून आला. बोलेना. मी विचारलं, कॉर्नेलच का रे? म्हणाला, "आईला आवडतं. रतन टाटा तिथले ना." ते खरं आहे, रतन टाटा तिथेच आर्किटेक्चर शिकले. मग विचारलं तुला काय आवडतं. जरा वेळाने म्हणाला, पूल. पूल म्हणजे? ब्रिज, काका. लहानपणी पुण्याला गेलो की लकडी पुलावर आजोबा थांबून दाखवायचे, आणि इथे डेलावेअर नदीवरचे जुने लोखंडी पूल आहेत ना, त्याचे फोटो काढतो मी. चारशे फोटो आहेत. मी म्हटलं हे अर्जात कुठे आहे? म्हणे नाहीये, ॲक्टिव्हिटीत कशात बसतं ते?

दहा रकाने असतात ॲक्टिव्हिटीचे, प्रत्येकाला दीडशे अक्षरं, आणि ह्या बाबाने दहावा रकाना त्या विकतच्या रिसर्च प्रोग्रामने भरला होता.

मग आम्ही घरी येऊन त्याच्या लॅपटॉपवर बसलो. कॉलेजं कॉमन डेटा सेट म्हणून एक कागद बाहेर टाकतात, त्यात सी-सेव्हन नावाचा तक्ता असतो, कुठली गोष्ट किती महत्त्वाची ते त्यांनीच खुणा करून दिलेलं असतं, मार्क, एसे, शिफारस, स्वभाव, कामाचा अनुभव, तुम्ही किती रस दाखवलात ते. त्याने तो कधी बघितलाच नव्हता, टक्केवारीच्या साइटी मात्र पाच बघितल्या होत्या. त्याच्या यादीत सिव्हिल चांगलं असलेली आणि जिथे तो नक्की लागेल अशी दोनच कॉलेजं होती, रटगर्स म्हणजे न्यू जर्सीची सरकारी युनिव्हर्सिटी आणि अजून एक, आणि दोन्ही त्याने न बघता लिहिलेली. रटगर्स घरापासून पंचवीस मिनिटं. मी म्हटलं आधी तिथे जाऊन ये, लॅब बघ, तिथे चार वर्षं आनंदात काढता येतील का ते बघ. हे खालचं टोक पक्कं झालं की वरच्या टोकाला काय व्हायचं ते होऊ दे. आपल्याकडे उलटं करतात, हार्वर्डपासून यादी सुरू करतात आणि शेवटच्या दोन ओळी काउन्सेलरला बरं वाटावं म्हणून.

त्याच्या बाबांना पण एक गोष्ट सांगितली, ती त्यांना काही पटली नाही. इथे शेजारीच प्रिन्स्टनला ॲलन क्रूगर म्हणून अर्थशास्त्रज्ञ होते, त्यांचा आणि स्टेसी डेल ह्यांचा २००२ चा पेपर आहे. ज्यांना मोठ्या कॉलेजात मिळालं होतं पण जे तिथे न जाता साध्या कॉलेजात गेले, त्यांचा पुढचा पगार मोठ्या कॉलेजवाल्यांएवढाच निघाला. गरीब घरातल्या मुलांना मात्र मोठ्या कॉलेजचा फायदा झाला. बाबा म्हणाले, "हां, पण ते सरासरीत." सरासरी नको असलेला माणूस टक्के मात्र मागतो.

निघताना कोट घातला, वहिनींनी चकलीचा डबा हातात दिला आणि दारात परत, "सगळं पटलं भाऊजी, तो पुलाचा एसे पण लिहायला बसलाय. पण तरी, अंदाजे?"

मी म्हटलं, ४ ते ४०.

"म्हणजे २२ धरू," म्हणाल्या, आणि फोनमध्ये लिहून घेतलं.